दारातल्या टोपल्या

आमच्या दुकानात जिन्याखाली एक तिरकी जागा आहे. तिथे उभं राहिलं की डोकं आपटतं, म्हणून बसून करायचं काम तिथे ठेवलंय. ते काम म्हणजे मी. गिऱ्हाइकाची पँट आखूड करायची, पडद्याला पट्टी लावायची, उसवलेलं शिवून द्यायचं. मशीनवरून मान वर केली की समोर दार, डावीकडे बिलाचा काउंटर आणि मधला सगळा हॉल दिसतो. मालक वरच्या मजल्यावर काचेच्या खोलीत बसतात, पण दुकान बघायचं तर माझ्या स्टुलावर बसावं.

ही जागा मला मोठ्याबाईंनी दिली. माझा संसार मोडला तेव्हा त्यांनी ‘किती शिकलीस’ विचारलं नाही, ‘टीप सरळ येते का’ एवढंच विचारलं. त्यामुळे मी त्यांच्या बाजूची आहे, हे आधीच सांगून टाकते. तरीही जे झालं ते झालं.

मोठ्याबाई म्हणजे मालकांची थोरली बहीण. लग्न जमलं नाही असं लोक म्हणायचे, केलं नाही असं त्या म्हणायच्या, आणि खरं काय ते विचारायची छाती कोणाला नव्हती. वडिलांच्या काळापासून चादरी-टॉवेलांचा विभाग त्यांच्याकडे, आणि तो तळमजल्यावर, दारातून शिरल्या शिरल्या समोर. नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. टॉवेलाची कड अर्धा बोट जरी बाहेर राहिली, तरी अख्खा गठ्ठा मोडून त्या पोरींकडून पुन्हा लावून घ्यायच्या.

पण एक गोष्ट त्यांच्याकडून शिकावी अशी होती. गिऱ्हाइकाने काही लांबवलं असा संशय आला, तर आमच्याकडे आरडाओरडा नसे. ज्याच्या लक्षात येईल त्याने जवळच्या टेबलापाशी जायचं, घडी घातलेला टॉवेल उलगडायचा आणि त्याची पुन्हा घडी घालायची. दारावरचा रखवालदार तेवढ्यावरून समजायचा आणि बाहेर पडणाऱ्याला अदबीने म्हणायचा, “आपलं बिल राहिलंय वाटतं.” बहुतेकांना लगेच आठवायचं. वस्तू गेली तर जाऊ दे, पण दुकानात चार लोकांत कोणाची मान खाली जाता कामा नये, असं त्यांच्या वडिलांचं म्हणणं होतं. ही घडीची पद्धत मात्र मोठ्याबाईंनी बसवलेली. नव्या पोरीला त्या पहिल्याच दिवशी हे शिकवायच्या, आणि शिकवताना त्यांचा आवाज मऊ व्हायचा.

मग सूनबाई आली. मालकांच्या मुलाने परगावी नोंदणी करून लग्न केलं. मुलीचे वडील बस चालवायचे, ते वारले होते. आई एका शाळेत मुलांना जेवण वाढायची. लग्नाला घरचे सगळे गेले, मोठ्याबाई गेल्या नाहीत. गुडघा दुखतो म्हणाल्या. तोच गुडघा रोज तीन मजले चढतो-उतरतो, हे आम्ही सगळे बघत होतो.

सूनबाई हुशार, हसरी, आणि पायाला भिंगरी लावल्यासारखी. टेबलक्लॉथ, नॅपकिन, स्वयंपाकघरातल्या वस्तू असा नवा विभाग तिने उघडला. काउंटरमागची कपाटं काढून हॉलच्या एका बाजूला उघड्या मांडण्या लावल्या. गिऱ्हाइकाने हात लावावा, निवडावं, दारातून उचललेल्या वेताच्या टोपलीत टाकावं आणि काउंटरवर यावं. खप वाढला. मालक खूश झाले. मोठ्याबाईंच्या कपाळावरच्या आठ्या मात्र जाईनात.

“भाजीबाजार करून ठेवलाय दुकानाचा,” त्या मला म्हणायच्या. “चोऱ्या होतील. बघशील तू.”

शेवटी मालकांनी दोघींसमोर सांगून टाकलं. हंगाम संपेपर्यंत उघड्या मांडण्यांवर एकही चोरी झाली नाही, तर अख्खा हॉल सूनबाईचा, आणि चादरी-टॉवेल वर पहिल्या मजल्यावर. चोरी झाली तर मांडण्या निघणार. मालक मध्यम मार्गाचे माणूस. पण त्या दिवसापासून मोठ्याबाईंना चोराची गरज लागली. अशी गरज माणसाला लागू नये.

दिवसभर त्या मांडण्यांवर डोळ्यांत तेल घालून उभ्या राहायच्या. एवढ्या वर्षांत ज्यांनी गिऱ्हाइकाच्या हाताकडे कधी रोखून पाहिलं नव्हतं, त्या आता पिशव्यांच्या तोंडाकडे बघायला लागल्या. चोर काही येईना. मग एका सकाळी, सूनबाई वरच्या मजल्यावर व्यापाऱ्याशी बोलत होती तेव्हा, त्यांनी झाडूवालीला दारातल्या टोपल्या उचलायला लावल्या. “लोकांचे पाय अडकतात,” म्हणाल्या. टोपल्या आल्या माझ्या मशीनपाशी. माझे गुडघे दुमडायला जागा राहिली नाही, म्हणून मी कुरकुर केली, पण ती गुडघ्यांपुरतीच.

दुपारी एक बाई आत आली. वय झालेलं, स्वेटर कोपरांवर रफू केलेलं, हातात कापडी पिशवी. दारात ती थबकली. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मला वाटलं, भांबावलीय. मग नॅपकिनांच्या मांडणीपाशी जाऊन तिने एकेक नॅपकिन बोटांत घेऊन पाहिला. निळे काढले, एक हात पुसायचं फडकं काढलं, आणखी निळे काढले. हातातून घसरायला लागले तशी तिने ते सगळे पिशवीत टाकले.

मोठ्याबाईंनी पाहिलं. शेजारीच टॉवेलांचा गठ्ठा होता. त्यांचा हात त्याच्याकडे गेला, आणि मी मनात म्हटलं, आता घडी घालतील. हात टॉवेलाला लागला आणि मागे आला. टॉवेलाच्या घडीचा आवाज होत नाही, आणि त्यांना आवाज हवा होता.

“मालकांना खाली बोलवा,” त्या हॉलभर ऐकू जाईल अशा म्हणाल्या. “आणि तुम्ही, ती पिशवी इथे ठेवा.”

बाई काउंटरपाशी आली. “हो, बिल करायचंय ना.”

“बिल आत्ता आठवलं?”

मोठ्याबाईंनी पिशवी धरून उलटी केली. नॅपकिन पडले, चष्म्याचं घर पडलं, आणि कागदात गुंडाळलेला अर्धा खाल्लेला पाव पडला. गिऱ्हाइकं जागच्या जागी उभी राहिली. बिलाची पोरगी खाली बघायला लागली. बाईने आधी तो पाव उचलून मुठीत लपवला.

“दारात टोपली नव्हती हो आज,” ती म्हणाली. “मागच्या वेळी होती. हातात मावेना म्हणून पिशवीत ठेवलं.”

“मागच्या वेळी! म्हणजे नेहमीचंच दिसतंय.”

जिन्यावर पावलं वाजली. दोन माणसांची. मालकांची पावलं खाली उतरली. दुसरे बूट बरोबर माझ्या डोक्यावरच्या पायरीवर थांबले. पायऱ्यांमधल्या फटीतून दिसले ते सूनबाईचे तपकिरी बूट, मी त्यांना कालच बंद शिवून दिला होता.

मालक गर्दीतून पुढे आले आणि त्यांचा चेहराच उतरला. “ताई, काय करतेस हे? या आपल्या विहीणबाई आहेत.”

मोठ्याबाईंच्या हातात ती रिकामी पिशवी तशीच उलटी लोंबत राहिली. माणूस शरमेने लाल होतो असं म्हणतात. त्या पांढऱ्या पडल्या.

“माझंच चुकलं,” विहीणबाई म्हणाल्या. “मला पद्धत माहीत नव्हती. आणि पोरीला सांगू नका हं मी आले होते. तिला वाटेल, आई तपासायला येते.”

माझ्या डोक्यावरचे बूट अजून हलले नव्हते. त्याचा अर्थ कळायला मला वेळ लागला. आईची पिशवी काउंटरवर पालथी झाली ते तिने वरच्या कठड्यावरूनच पाहिलं होतं, पाव पाहिला होता, आणि ‘ही माझी आई’ हे शब्द तिच्या तोंडून निघाले नव्हते. ते सासऱ्यांना बोलावे लागले. आता ते बूट खाली आले, सावकाश.

“आई,” ती म्हणाली.

“अगं, इकडून जात होते.” त्यांचं गाव बसने तासाभरावर. इकडून कोणी जात नाही.

बिलाची पोरगी मान वर न करता म्हणाली, “या नेहमी येतात. वहिनी जेवायला वर जातात तेव्हा. नॅपकिनच नेतात.”

“इतके नॅपकिन कशाला तुला? एकटी तर असतेस.”

“तुझ्या मांडणीवरचं खपायला नको का?” विहीणबाई म्हणाल्या. “तेवढाच माझा हातभार.”

सूनबाईने आईकडे पाहिलं नाही. ती मालाच्या खोलीकडे वळली आणि तिने दार लावून घेतलं. तिची लाज वेगळी होती, पण हलकी नव्हती.

“टोपल्या कुठे गेल्या?” मालकांनी विचारलं.

माझ्या पायाशी होत्या. झाडूवाली माझ्याकडे बघत होती, मी झाडूवालीकडे.

“मी उचलल्या,” मोठ्याबाई म्हणाल्या.

त्या जिन्याखाली आल्या. डोकं पायरीच्या कडेला आपटलं, चांगलं जोरात, पण त्यांनी हातही लावला नाही. टोपल्यांची चळत उचलायला लागल्या. मी पुढे झाले, तर म्हणाल्या, “राहू दे.” सगळ्या गिऱ्हाइकांच्या देखत त्यांनी त्या दारात नेऊन ठेवल्या. तोवर विहीणबाई गेल्या होत्या. निळे नॅपकिन काउंटरवर तसेच पडले होते, मोठ्याबाईंनी ते उचलले आणि एकेकाची घडी घातली.

हॉल सूनबाईला मिळाला. चादरी-टॉवेल वर गेले, पण मोठ्याबाई त्यांच्यामागे गेल्या नाहीत. त्या दारात उभ्या राहायला लागल्या आणि येणाऱ्याच्या हातात टोपली द्यायला लागल्या. पोरी हसायच्या, म्हणायच्या, मोठ्याबाईंना टोपल्यांचा विभाग मिळाला. एकदा त्या माझ्यापाशी आल्या.

“मी टॉवेलाची घडी घातली असती, तर?”

“तर त्या बिल करून घरी गेल्या असत्या,” मी म्हटलं. माझ्या जिभेला हाड नाही. पुढे बरेच दिवस त्या जिन्याखाली फिरकल्या नाहीत.

सूनबाई आईकडे जाऊन रडून आली असावी. कारण थंडी सरल्यावर एका दुपारी विहीणबाई दाराच्या काचेपलीकडे दिसल्या. मोठ्याबाईंनी वरची टोपली काढून आपल्या बाहीने पुसली. बोलायचं काय ते त्यांनी घोकून ठेवलं होतं, मी कितीदा त्यांना पुटपुटताना ऐकलं होतं. त्या एक पाऊल पुढे झाल्या.

विहीणबाई उंबऱ्याबाहेरच थांबल्या. पिशवीतून चष्म्याचं घर काढून त्यांनी काखेत धरलं, पिशवी उलटी केली, झटकली, आणि आतली बाजू मोठ्याबाईंसमोर धरली. चेहऱ्यावर राग नव्हता. आत येण्याआधी पाय पुसावेत तसं ते केलं.

“विहीणबाई, नका हो,” मोठ्याबाई म्हणाल्या. घोकलेलं सगळं कुठे गेलं कोण जाणे.

“असू द्या. पद्धत आहे ना,” विहीणबाई म्हणाल्या, आणि टोपलीसाठी हात पुढे केला.