लांडगोबाचं लग्न

एका लांडग्याच्या लग्नाची काळजी करणारी बाई सबंध दिल्लीत एकच असेल, आणि ती माझी मामी आहे. राहते लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये, नोकरी सेक्शन ऑफिसरची, आणि जीव अडकलाय एका इंग्रजी कादंबरीमालिकेत. मालिका अशी की एका गजबजलेल्या शहरात चेटकिणी, उन्हाला भिणारे रक्तपिपासू आणि पौर्णिमेला लांडगे होणारी माणसं गुपचूप नांदत असतात. त्यातल्या एका चेटकिणीचा एका लांडग्यावर जीव जडतो आणि दोन्हीकडची मंडळी एकमेकांच्या जिवावर उठतात. मामी नायकाला लांडगोबा म्हणते आणि घरी स्थळ सांगून आल्यासारखी त्याच्याबद्दल बोलते. "मुलगा हिऱ्यासारखा आहे गं. पौर्णिमेची तेवढी अडचण."

हे वेड तिनं मलाही लावलं. तिच्याबरोबर ऑटोतून कस्तुरबा गांधी मार्गावरून जाणं म्हणजे शिक्षा असते. एखादं सरकारी ऑफिस दिसलं की ती मला कोपरानं ढोसते. "रक्तपिपासू इथेच बसत असणार. बघ, भरदुपारी सगळे पडदे ओढलेले." एकदा सरोजिनी नगरच्या बाजारात तिला केसाळ कॉलरचा करडा कोट दिसला. लांडगोबाचा अगदी असाच आहे म्हणून तिनं तो मामासाठी घेतला. बिचारा मामा सगळी थंडी तो घालून ऑफिसला जात होता आणि कॉलनीतली कुत्री त्याच्यावर भुंकत होती. मामी म्हणाली, "बिल्कुल बरोबर. त्यांना लगेच कळतं."

हसायचं तेवढं मी हसले आहे. पण लांडगोबाचं लग्न लागणार की नाही, याची मामीला फिकीर नव्हतीच. लग्नाला दोन्हीकडची माणसं येणार का, हा तिचा खरा घोर होता. मामी महाराष्ट्रातल्या नगरच्या ख्रिस्ती घरातली, मामा हिंदू. दोघांनी दिल्लीत कोर्टात लग्न केलं तेव्हा दोन्ही घरांतून कुणी म्हणजे कुणी आलं नाही. मालिकेचं शेवटचं पुस्तक यायच्या आधी तिनं मला स्पष्ट सांगून ठेवलं होतं, "पळून जाऊन लग्न केलं ना यांनी, तर मी त्या लेखिकेला माफ करणार नाही."

पुस्तक आलं तशी मामीनं 'घरचं कार्य' असं कारण देऊन रजा टाकली. दुसऱ्या दिवशी मला तिचा मेसेज आला, "मालिका वाढली. ये." मला काय आनंद झाला. आणखी पुस्तकं येणार, म्हणजे काळजी मिटली. मिठाईचा डबा घेऊन मी नोएडाहून मेट्रोनं धावत गेले, तर दार उघडणाऱ्या मामीचे डोळे रडून सुजलेले.

"अगं, वाढली म्हणजे संपली," ती म्हणाली. "दिल्लीत वाढलेली तुम्ही पोरं, तुम्हाला काय कळणार. 'संपलं' म्हणू नये. तांदूळ वाढले, पीठ वाढलं, असं म्हणायचं. तुझ्या आजीनं शिकवलं मला हे, आमच्याकडे यायला लागल्यावर."

"मग रडतेस का? वाईट झाला का शेवट?"

"वाईट कशाला होईल?" असं म्हणून तिनं मला सोफ्यावर बसवलं आणि लग्नाचं प्रकरण मोठ्यानं वाचायला घेतलं, इंग्रजी वाक्य वाचून लगेच मराठीत सांगत. डोंगरातले लांडगे आले, नदीपलीकडच्या चेटकिणी आल्या, आणि एका लांबलचक टेबलाशी सगळे कुरकुरत का होईना, शेजारी शेजारी बसले. तिथे मामी वाचायची थांबली. "सगळे आले गं लग्नाला," ती म्हणाली आणि पदरानं नाक पुसत राहिली. मलाही भरून आलं.

मामा स्वयंपाकघरातून चहा घेऊन आला. "आमच्या लग्नाला दोन साक्षीदार होते, ऑफिसमधले," तो मला म्हणाला.

"तेही जेवायला थांबले नाहीत," मामी म्हणाली. "लंच अवर संपत आला होता त्यांचा."

त्यावर आम्ही तिघंही खूप हसलो. मग मामानं ट्रे खाली ठेवला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो तिच्या पुस्तकाजवळ सरकून बसला. "पुन्हा वाच बघू ते," तो म्हणाला. "मुलीची आई कुणाशेजारी बसली?"