मोठ्या मायचा अंगठा

"ताई, नाना गेले," एवढंच माझा चुलतभाऊ विजय फोनवर म्हणाला. मी जळगावला, शाळेच्या स्टाफरूममध्ये सहामाहीचे पेपर तपासत होते. हातातला पेपर मी तसाच पूर्ण तपासला, मार्कांची बेरीजही केली, आणि मग उठले. का तसं केलं कोण जाणे. अर्धवट कागद टेबलावर सोडून उठणं नानांना आवडलं नसतं, असं काहीतरी मनात असावं... त्याला आता सात आठवडे झाले.

नाना म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. शिंदखेडा तालुक्यात त्यांनी तीस-बत्तीस वर्षं तलाठी म्हणून काढली. अक्षर छापल्यासारखं, आणि स्वभाव त्या अक्षरासारखाच, कुठे रेघ सोडून जाणार नाही. "नाना, आज फार ऊन आहे," असं कोणी म्हटलं तर हा माणूस आधी ओट्यावर जाऊन बघून येणार आणि मगच "हो, आहे" म्हणणार. नोकरीत त्यांचा ठरलेला शब्द होता, 'पुरावा आणा'. नवरा परागंदा झालेल्या, वारस नोंदीसाठी पायऱ्या झिजवणाऱ्या बायकांनाही त्यांनी हेच सांगितलं. "मी काय देव आहे का? कागदाशिवाय माणूस मारता येत नाही," म्हणायचे. लहानपणी मला ते फार कठोर वाटायचे. खरं सांगायचं तर मोठेपणीही वाटायचे.

पण याच तलाठ्याच्या घरच्या सातबाऱ्यावर एका माणसाचं नाव पुरावा नाही म्हणून सत्तरहून जास्त वर्षं राहून गेलं होतं. नानांचे आजोबा, दौलतबाबा. दुसऱ्या महायुद्धात ते फौजेत भरती झाले, ब्रह्मदेशाकडे गेले, आणि परत आलेच नाहीत. मागे त्यांची बायको आणि वर्षाचं मूल. ते मूल म्हणजे नानांचे वडील, माझे आजोबा. दौलतबाबांच्या बायकोला आम्ही सगळेच मोठी माय म्हणायचो. मी तिला पाहिलं आहे. उंच, हाडकुळी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा. नवरा फौजेतून येणार आहे, एवढंच ती जन्मभर सांगत राहिली. भाऊबंद मात्र तोंड फिरवून हसायचे. दौलत पलटणीतून पळाला, तिकडेच कोणी बाई ठेवली, असं गावात उघड बोललं जाई. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडे पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरतात, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात, आमरस-पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतात. एका आखाजीला माझ्या आजोबांनी धीर करून बापाच्या नावाची घागर आणली, तर मोठी माय ओट्यावरून ओरडली होती, "जित्ता माणूसनी घागर भरतस का रे? मन्हा माणूस येई!" आणि घागर उचलून तिने शेजारणीला देऊन टाकली होती. हे सगळं नाना सांगायचे. आईपेक्षा जास्त त्यांना तिनेच वाढवलं होतं. ती गेली तेव्हा सवाष्णीसारखी गेली, हिरव्या लुगड्यात, ओटी भरून. पुढे पितृपक्षात तिचं पान अविधवा नवमीला वाढायचं ठरलं. सौभाग्य घेऊन गेलेल्या बायकांचा तो दिवस.

निवृत्त झाल्यावर माणसं शेती बघतात, नातवंडं खेळवतात, फार तर पत्ते कुटतात. नानांनी आजोबा शोधायला घेतले. पुतणी इंग्रजी शिकवते म्हणून मी आपोआप त्यांची कारकून झाले. शिंदखेड्याहून पॅसेंजरने ते जळगावला यायचे, कापडी पिशवीतून फाईल काढायचे, आणि मी चहा टाकायच्या आत टेबल कागदांनी भरून जायचं. गावातलं जुनं जन्म-मृत्यूचं रजिस्टर, जमिनीचे फेरफार, आजोबांचा शाळेचा दाखला, सगळ्याच्या नकला. दौलतबाबांचं मरण त्यात कुठेही नव्हतं. हाताशी एकच धागा होता. मोठ्या मायच्या पेटीत सापडलेलं एक पोस्टकार्ड, दुसऱ्या कोणा शिपायाने लिहून दिलेलं, खाली दौलतबाबांचा फौजेतला नंबर. त्या नंबरावर आम्ही अर्ज पाठवत राहिलो. एका कार्यालयाकडून दुसऱ्या कार्यालयाकडे. उत्तर कधी यायचं, बहुतेक वेळा यायचंच नाही.

एक गोष्ट इथे कबूल केली पाहिजे. त्यातला एक अर्ज मी चार महिने ड्रॉवरमध्ये ठेवून दिला होता. कंटाळा आला होता हो! मेलेल्या माणसामागे एवढी पायपीट कशाला, असं मला मनापासून वाटायचं. एकदा रागाने म्हणालेही, "नाना, समजा निघाले पळपुटे, तर काय कराल?" ते चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "तर तसं लिहू. पण माय साठ वर्षं कोणाची वाट बघत होती, ते मला कळलं पाहिजे." त्याच संध्याकाळी मी तो अर्ज ड्रॉवरमधून काढून पोस्टात टाकला.

उत्तर आलं ते त्याच अर्जाला. जाड पाकीट, आत जुन्या कागदांच्या झेरॉक्स. नानांनी ते घरी फोडलं नाही, तसंच घेऊन माझ्याकडे आले. मी वाचून मराठीत सांगत गेले. दौलतबाबा पळाले नव्हते. ब्रह्मदेशाच्या सरहद्दीजवळच्या लष्करी इस्पितळात तापाने गेले होते, घर सोडल्याला वर्षही झालं नव्हतं. मी थांबले. नानांनी डोळे मिटले होते, हात जोडलेले होते. "पळाला नाही," ते हळूच म्हणाले. मला वाटलं, संपलं एकदाचं. मग मी पुढचा कागद उलटला. ती पोच होती. मृताचं सामान, एक घोंगडी, एक लोटा, कमरेचा पट्टा, त्याच्या विधवेला मिळालं. खाली साक्षीदार म्हणून गावच्या मास्तरांची सही. आणि सहीच्या शेजारी अंगठा.

नानांनी कागद माझ्या हातातून घेतला, खिडकीपाशी नेला. आयुष्यात हजारो अंगठे घेतलेला माणूस. त्या ठशाच्या मधोमध एक तिरकी पांढरी रेघ होती. मोठ्या मायच्या अंगठ्यावर विळ्याचा जुना वण होता. त्याच हाताने तिने नानांना घास भरवले होते, तो वण त्यांना पाठ होता. ते खुर्चीत बसले आणि, एरवी शहरात माझ्याशी बोलीत कधी न बोलणारे, आमच्या अहिराणीत बोलले, "तिले ठाऊक व्हतं, पोरी. पहिलाईपासून तिले बठ्ठं ठाऊक व्हतं."

मला आधी रागच आला. सगळं ठाऊक असून साठ वर्षं फसवलं म्हणजे काय! पण नानांनी फाईल उघडली आणि जुना फेरफार माझ्यापुढे सरकवला. दौलतबाबांना दोन थोरले भाऊ. विधवा झालेल्या पोरसवदा बाईला लेकरासकट माहेरी धाडून तिचा वाटा आपल्यात घालून घेणं त्या काळी अवघड नव्हतं, आमच्याच भाऊबंदांत दोघींचं तसं झालेलं होतं. पण नवरा जिवंत असेल, फौजेत असेल, उद्या दारात येऊन उभा राहणार असेल, तर त्याच्या वाट्याला हात लावायची कोणाची छाती होईल? तिने कुंकू पुसलं नाही. मास्तरांनी तोंड उघडलं नाही. पोरगं मोठं झालं, जमीन राहिली, घर राहिलं. तोवर ते खोटं इतकं जुनं झालं होतं की मागे फिरायला वाट नव्हती. नवऱ्याला रडायची सोय तिने स्वतःच बंद करून टाकली होती. आखाजीला दारोदारी घागरी भरल्या जात आणि ही बाई आपल्या मेलेल्या नवऱ्याला पाण्याचा घोट न देता, कपाळभर कुंकू लावून ओट्यावर बसून राही. नाना हे सांगता सांगता रडले. मी त्यांना रडताना तेवढंच पाहिलं.

पुढे ते काय करणार, याची मला धास्ती होती. पुराव्याचा माणूस, आता पुरावा हातात होता. सातबाऱ्यावर त्यांनी वारस नोंद करून घेतली, अगदी नियमाने, दौलतबाबांच्या मृत्यूच्या खऱ्या तारखेसह. त्या वर्षीच्या आखाजीला आमच्या दारात दौलतबाबांची घागर पहिल्यांदा भरली गेली. मग पितृपक्ष आला. गुरुजी म्हणाले, "नाना, आता आजीबाईंचं पान नवमीला कसं वाढायचं? तिथी बदलावी लागेल." सगळे नानांकडे बघू लागले. नाना म्हणाले, "सरकारच्या कागदावर खरं लिहिलंय, गुरुजी. तिचं पान नवमीलाच वाढायचं. चुकत असेल तर पाप माझ्या नावावर." जन्मभरात नानांनी जाणूनबुजून केलेली ती एकच चुकीची नोंद. आणि त्यानंतर ते बदलले. जुन्या ओळखीतून कोणी बाई वारस नोंदीचं विचारायला आली, की 'पुरावा आणा' म्हणून पाठवत नसत. तिच्याबरोबर स्वतः तालुक्याला जात, पुरावा कुठे मिळेल ते शोधत. "इतक्या जणींना नुसतं परत पाठवलं मी," एकदा ते म्हणाले.

नाना गेल्यानंतरच्या दहाव्याला आम्ही सगळे गावी होतो. दुपारी भाऊबंदातल्या बायका नानांच्या बायकोभोवती, आमच्या नानीभोवती, जमल्या. पुढे काय असतं ते सगळ्यांना माहीत होतं. नानांची थोरली बहीण, आमची अक्का, वय अडुसष्ट, तिशीत विधवा झालेली. अशा वेळी पुढे होण्याचा मान तिचाच. ती नानीच्या कपाळाकडे हात नेणार, तोच नानीने पदराखालून एक कागद काढून माझ्या हातात दिला. म्हणाली, "वाच. त्यांनी तुलाच वाचायला सांगितलंय."

रेघांचा जाड कागद, ते छापल्यासारखं अक्षर, खाली सही, तारीख, दोन साक्षीदार. मी वाचलं. "मी शुद्धीवर असताना, स्वखुशीने लिहून देतो की, माझ्या मृत्यूनंतर माझ्या पत्नीचे कुंकू, मंगळसूत्र व बांगड्या तिच्या इच्छेविरुद्ध कोणीही काढू नयेत. माझ्या आजीने हे सर्व खोटे बोलून राखले. हिला खोटे बोलावे लागू नये."

अक्काने कागद माझ्याकडून मागून घेतला. तिला वाचता येत नाही. तिने त्या अक्षरांवरून हात फिरवला, घडी घातली, नानीच्या ओटीत ठेवला.

"राहू दे, बाई," अक्का म्हणाली. "मन्हा टाइमले असा कागद लिखनारा कोनी नव्हता."