कढीपत्त्याच्या कुंडीतल्या गोळ्या

आम्हा आरोग्य सेविकांमध्ये वनमाला सगळ्यात कडक. विक्रोळीच्या चाळींत आम्ही दोघी पंधरा वर्षं बरोबर फिरलो. पोटुशी बाई दिसली की ही उंबऱ्यावर ठाण मांडायची. "घे कॅल्शियमची गोळी, माझ्यासमोर गिळ. दूध नको, नाचणी नको, मग बीपी चढलं की रडत येऊ नको." पोरी तोंडातल्या तोंडात पुटपुटायच्या, पण गिळायच्या.

आणि घरी? सून दिशाला दिवस गेले तर हिची वाचाच बसली. "समोर उभी राहिले तर म्हणेल, सासू पहारा देते. नको गं नलिनी." गोळ्या आणून द्यायची आणि रिकामी पाकिटं बघून समाधान मानायची. मी म्हटलं, डोकं फिरलंय का तुझं? ऐकते कसली.

आठव्या महिन्यात दिशाचं डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली. इस्पितळात नेईपर्यंत झटके सुरू झाले. बीपी भयंकर चढलेलं. ती वाचली, बाळ गेलं.

महिन्याभराने वनमालाने गॅलरीतल्या कढीपत्त्याची माती उकरली, तर आत पांढऱ्या गोळ्यांचा खच. दिशाच्या आईने फोनवर सांगितलं होतं म्हणे, कॅल्शियमने बाळाचं डोकं मोठं होतं, मग सिझर करावं लागतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घेतल्या असत्या तरी खात्री नव्हती, पण धोका कमी झाला असता. वनमालाने माती परत लोटली आणि मला शपथ घातली, कुणाला सांगायचं नाही.

मग वनमालाच्याच चाळीतल्या कुंदाकडे गोळ्या द्यायला गेलो. तिची सून गंधाली, चौथा महिना लागलेला. कुंदाने पाकीट आमच्या हातात परत ठेवलं. "तुमच्या सुनेने खाल्ल्या ना? काय उपयोग झाला?"

वनमाला पाकीट पिशवीत परत ठेवायला लागली. माझं टाळकं सटकलं. "एक नाही खाल्ली तिने. सगळ्या कुंडीत पुरल्या," मी बोलून गेले. कुंदाने पाकीट पुन्हा घेतलं.

संध्याकाळपर्यंत चाळभर झालं. जिन्यात बायका दिशाला ऐकवायला लागल्या, स्वतःचं बाळ स्वतःच मारलंस. चौथ्या दिवशी ती बॅग भरून माहेरी गेली. वनमालाचा मुलगा दोनदा आणायला गेला आणि एकटाच परत आला.

वनमालाने कामाला दुसरा भाग मागून घेतला. परवा रस्त्यात भेटली, तेव्हा तिने आधी विचारलं, "गंधाली गोळ्या घेते ना?"

"रोज. माझ्यासमोर."

"बरं झालं," ती म्हणाली. "माझी सून मात्र तू घालवलीस."