मधली हातभर जागा

भूतबाधा झाली म्हणून कुणी आलं की मी आधी थर्मामीटर लावायचे. आयुष्यभर नर्सची नोकरी केली, असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. आजही नाही... तरी हे लिहायला बसलेय, कारण ही गोष्ट मी कुणाकडून ऐकलेली नाही. माझ्या या उजव्या हाताला ती कळलेली आहे.

निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली असतील. परभणीजवळ झरीच्या दवाखान्यात माझी पहिली पोस्टिंग. अफूची दुकानं बंद व्हायला लागली होती आणि अफूची सवय लागलेल्या बाया आमच्याकडे यायला लागल्या होत्या. तेव्हा घरोघरी रीतच होती — शेतात जाताना तान्ह्या लेकराला मोहरीएवढी अफू चाटवायची, म्हणजे ते झोपतं. बोटाला उरलेली आई चाटायची. कंबरदुखी थांबायची, अफू मात्र चिकटायची.

डॉक्टर त्यांचा डोस हळूहळू कमी करत. मी त्यांना दर मंगळवारी दुपारी दवाखान्याच्या ओसरीवर गोधडी शिवायला बसवायचे. नियम एकच. जिच्या सुईत नवा दोरा, तिनं तो संपेपर्यंत आपलं मन मोकळं करायचं, बाकीच्यांनी मध्ये तोंड घालायचं नाही. आज याला ग्रुप थेरपी म्हणतात म्हणे. आम्हाला तो शब्दही माहीत नव्हता.

गिरिजा आणि तिची थोरली जाऊ सखू समोरासमोर बसायच्या. गिरिजाचं चार महिन्यांचं पोर आदल्या पावसाळ्यात गेलं होतं. तापानं गेलं, असं दोघीही सांगायच्या. बोलायची पाळी आली की दोघी दोरा संपेपर्यंत गप्प शिवायच्या. बाकीच्या बाया सुटत चालल्या, गिरिजा मात्र पुन्हा चोरून खायला लागली. डॉक्टर म्हणाले, "अशीच खात राहिली तर एक दिवस झोपेतच जाईल." माझा तिच्यावर जीव होता. मी चिडायचे, ती नुसती हसायची.

गोधडी कडेकडून आत शिवत येतात. त्या मंगळवारी मधली हातभर जागा तेवढी राहिली होती. भर दुपार, लख्ख ऊन. आणि त्या जागेवर खळगा पडला... उशीवर डोकं टेकल्यावर पडतो तसा. आधी वाटलं, वारा. पण वारा नव्हता. खळगा हळूहळू खालीवर व्हायला लागला.

सगळ्यांच्या सुया थांबल्या. मी हात ठेवला. ऊब होती, अंगाची. मी वेड्यासारखी नाडी शोधायला लागले! नाडी सापडली नाही, श्वास मात्र होता — फार संथ. अफू जास्त झालेलं लेकरू कसा श्वास घेतं, ते मी पाहिलेलं होतं. तो आणखी संथ होत चालला...

गिरिजाच्या सुईत नवा दोरा होता.

"म्या दिलती," ती म्हणाली. "खुरपायला जाताना. त्याला ताप न्हवता, बाई."

सखूच्या हातातली सुई पडली. नियम मोडून ती बोलली, "आगं, म्या बी दिलती. तू गेल्यावर लय रडायलता. तू दिलीस हे मला ठावं न्हवतं."

वर्षभर एका चुलीवर भाकरी करणाऱ्या या दोघी, आणि प्रत्येकीला वाटत होतं की पोर आपण एकटीनंच मारलं. मला रडू आवरेना.

गिरिजानं दोन्ही हात पुढे केले. एक मानेखाली, एक ढुंगणाखाली. खळगा भरून आला, कापड सपाट झालं. खांद्याशी घेऊन ती कितीतरी वेळ थोपटत राहिली. मग हात सखूपुढे केले.

"घ्या जाऊबाई. जागा झालाय."

सखूनं मान सावरून घेतलं.

त्यानंतर दोघींची अफू सुटली. भास म्हणावा, तर सगळ्यांना एकदम? आणि माझ्या तळहाताची ऊब? इतक्या वर्षांत मला उत्तर सापडलेलं नाही. कुणाला सापडलं तर कळवा, पण मला पटेलच असं नाही.

बदली झाली तेव्हा गिरिजानं ती गोधडी माझ्या ट्रंकेत ठेवली. मी म्हटलं, "मधलं तेवढं शिवून घेते."

"नगा बाई," ती म्हणाली. "त्याला जागंच ऱ्हाऊ द्या. आमी एकदा निजवलं, तेवढं बास."