रंग दिलेली लाईफबोट

परदेशी जहाजाची तपासणी न कळवता करायची असते. पण मी बंदरातून लाँच मागवली की जहाजाच्या एजंटला बातमी लागते, आणि मी दोरशिडी चढेपर्यंत वर रंगाचे ब्रश फिरलेले असतात. पाहुणे येणार म्हणून घर आवरतात, तसंच. इतक्या वर्षांत मला त्याचा राग येईनासा झाला होता. उलट ताज्या रंगाचा वास आला की इथे निगा राखतात, असं मी धरून चालायचो. माझा मूर्खपणा, दुसरं काय!

त्या दिवशी श्रीवर्धनसमोर खोल पाण्यात नांगरलेल्या एका जुनाट मालवाहू जहाजावर गेलो. कप्तान परदेशी, कमालीचा गोडबोल्या. परदेशी जहाज असुरक्षित वाटलं तर जागच्या जागी अडकवायचा अधिकार इंग्रजांनी कायद्यात लिहून ठेवला. ते गेले, कलमं बदलली, पण तो अधिकार अजून माझ्यासारख्या सरकारी तपासनिसाच्या पेनात आहे. कप्तानाला हे पक्कं माहीत होतं, म्हणून तो तिसऱ्यांदा कॉफी विचारत होता.

लाईफबोट पाण्यात सोडून दाखवा, असं मी सांगितलं. सहा जण जाकिटं चढवून रांगेत उभे राहिले. माणसं बसवूनच सोडतो, म्हणजे सरावही होईल, असं कप्तान म्हणाला. आधी रिकामी सोडायची, हे मला पाठ आहे. पण ऊन मी म्हणत होतं, होडी नव्या नारंगी रंगात झळकत होती, आणि मी मान डोलावली.

रांगेत शेवटी जहाजाचा भंडारी, म्हणजे स्वयंपाकी, उभा होता. पन्नाशीचा, इथलाच, तळा गावाकडचा माणूस. तो माझ्याजवळ सरकला आणि माझ्याकडे न बघता बोलला.

"साहेब, मानसं बसवू नका. रिकामी सोडा."

मी कप्तानाला तसं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. होडी कठड्याबाहेर गेली, पुरुषभर खाली उतरली आणि तिचा मागचा हूक तुटला. क्षणभर ती पुढच्या हुकाला लटकली, मग तोही गेला. खाली पाण्यावर आपटून ती दुभंगली. मी कठडा घट्ट धरला. सहा जण अजून रांगेतच होते, जाकिटं घालून. हुकाचा एक तुकडा वर साखळीत अडकून राहिला होता. तो मी नखाने खरवडला. रंगाचा पापुद्रा सुटला आणि आत नुसता गंजाचा भुगा निघाला.

जहाज अडकवल्याचा कागद तिथेच उभ्या उभ्या लिहिला. अक्षर वेडंवाकडं आलं. मग भंडाऱ्याला बाजूला घेतलं आणि त्याच्यावरच डाफरलो, की ठाऊक होतं तर आधी बोलला का नाहीस. दुसऱ्या कुणावर तरी चिडल्याशिवाय मला त्या वेळी उभं राहता येत नव्हतं.

"हुकाच्या गंजावर रंग फासताना बघितलं व्हतं. गेल्या साली सांगनार व्हतो," तो म्हणाला. "तुमीच आला व्हता, साहेब. तवा जहाजाचं नाव दुसरं व्हतं. तुमाला ओहोटीआधी परतायची घाई. होडीला हात लावून बघितलात, रंग चांगला हाय म्हनालात, नि सही करून उतरलात."

मला काही केल्या आठवेना. जहाजाचं नाव बदलतं, झेंडा बदलतो, पण जहाजावर कोरलेला नंबर तोच राहतो. कप्तानाकडून जुने अहवाल मागवले आणि त्या नंबरचा मागच्या वर्षीचा कागद काढला. लाईफबोटीपुढे 'ठीक' असा शेरा होता. खाली माझी सही. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. भंडाऱ्याची माफी मागावी म्हणून वळलो, तर तो जाकिटाचे बंद सोडत होता.

"तुमी सही केल्यावर पावसाल्यात एकदा जहाजात पानी शिरलं व्हतं," तो म्हणाला. "आमी सगले जाऊन त्या होडीत बसलो व्हतो, साहेब. कप्तानानं होडी सोडा म्हटलं न्हाय, म्हनून जित्ते हाय."