आत्याचा तुकडा

आमच्या वसईच्या शेतांना नंबर नव्हते असं नाही. नंबर होते, पण ते तलाठ्याच्या दप्तरात. आमच्या तोंडी नावं होती. सकाळी बा म्हणायचा, आज तिकोन्यात पाणी सोडायचंय, नाहीतर मांजरशेपटीतल्या केळी बांधायच्यात, की घरातल्या शेंबड्या पोरालासुद्धा कळायचं न्याहारी कुठे पोचवायची. तिकोना तीन कोपऱ्यांचा. मांजरशेपटी लांबच लांब आणि टोकाला वाकडी. पाद्रीपट्टी कधीकाळी चर्चची होती म्हणे. आणि एक भांडणवाडी होती. तिच्यावरून भांडलेले दोघे भाऊ केव्हाच मरून गेले, त्यांची नावंही कोणाला ठाऊक नाहीत, भांडण मात्र वाडीला चिकटून राहिलं.

या सगळ्यांच्या कडेला, बावखलाला लागून, आत्याचा तुकडा होता. बावखल म्हणजे आमच्याकडे गोड्या पाण्याचं खणलेलं तळं, त्यावर वाड्या जगायच्या. हा तुकडा कुठल्याच भावाच्या वाट्यात धरत नसत. घरातली जी लेक विधवा होऊन, नाहीतर नवऱ्याने टाकली म्हणून परत येईल, तिचा तो. बाची आत्या तिथे एका खोलीत राहायची. चार कोंबड्या, मोगऱ्याच्या दोन ओळी, आणि तोंड असं की बावखलातले बेडूक गप्प बसावेत. "मी कोणाच्या उपकारावर जगत नाही," असं दिवसातून एकदा तरी ऐकवायची, आणि खरंच जगत नव्हती. ती गेल्यावर तुकडा मोकळाच पडला, पण बाने त्यात नांगर घातला नाही. आत्याच्या तुकड्यात नांगर घातला तर घरातल्या लेकी सुखाने नांदत नाहीत, असं म्हणायचे. आय कडेकडेने हळद लावायची तेवढीच.

ही नावं मी इथे बहरीनमध्ये पुन्हा उच्चारायला लागले ती एका आयरिश बाईमुळे. मी एका इस्पितळाच्या लिनन रूममध्ये होते, उभा जन्म चादरींच्या घड्या घालण्यात गेला म्हणा ना. ती वरच्या वॉर्डाची मुख्य सिस्टर. उंच, लालबुंद, चालायला लागली की डॉक्टरसुद्धा भिंतीला लागून उभे राहायचे. शुक्रवारी इथे सुट्टी, चर्चमध्ये मिसा झाली की मला गाडीतून तुबलीला घरी सोडायची. आमच्या घराखाली सगळी गॅरेजं, गाडी थांबली की हातोड्यांचे आवाज. पण आम्ही दोघी काचा वर करून बोलत बसायचो. माझं इंग्रजी मोडकं, तिला त्याचं काही नव्हतं.

ती कॅव्हन नावाच्या काउंटीची. काउंटी म्हणजे आपला जिल्हा. तिच्या पोटात बॅरनी, आपल्या तालुक्यासारखी. मग पॅरिश, म्हणजे एका चर्चखालची गावं. ते मला सांगावं लागलं नाही, आमच्यातही लग्न असो की मारामारी, पहिला प्रश्न, कुठल्या पॅरिशची? आणि पॅरिशच्या पोटात टाउनलँड. नावात टाउन, पण टाउन नाहीच तिथे. थोडी शेतं, चार घरं आणि एक कुत्रा, असं ती सांगायची. आपल्या पॅरिशमधल्या सगळ्या टाउनलँडची नावं ती रोझरी म्हणावी तशी घडाघडा म्हणायची. त्यात ड्रम आलं की टेकडीचा कणा, डेरी आलं की ओक झाडांचं रान, क्लून म्हणजे कुरण. कॅव्हनमध्ये इतक्या टेकड्या की दर चौथं नाव ड्रमने सुरू होतं. डाएट चार्टच्या पाठीमागे ती मला नकाशा काढून दाखवायची. हे ओढ्यापासून कुंपणापर्यंत एक नाव, कुंपण ओलांडलं की दुसरं.

जुन्या काळी त्यांच्याकडे जमीन पोल, गॅलन आणि पॉटलमध्ये सांगायचे म्हणे. दोन पॉटलांचा एक गॅलन, दोन गॅलनांचा एक पोल.

मी म्हटलं, "सिस्टर, जमीन आहे की रॉकेल?"

"तुमच्याकडे कशात सांगतात?"

"पायलीत. एवढ्या पायली बियाण्याचं शेत."

"बघ, तुमची जमीन भाताने भरायची. आमची माणसं तुला माहीत आहेत, आमची बहुतेक बिअरने."

पण हसता हसता एकदम गंभीर व्हायची. इंग्रजांनी त्यांची जमीन घेतली, स्वतःच्या माणसांना वाटून टाकली. पुढे साखळ्या टाकून इंच न् इंच मोजली. पण मोजणाऱ्यांनी गावोगाव विचारून टाउनलँडची नावं नकाशात लिहिली. वेडीवाकडी लिहिली, पण लिहिली. आजही तिच्या भावाला पत्र टाकायचं तर टाउनलँडचं नाव लिहायचं आणि खाली काउंटी. मला तेव्हा वाटलं, लुटणाऱ्यानेसुद्धा एवढं ठेवलं.

मग मीही तिला आमची नावं सांगितली. मांजरशेपटीला ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. आत्याचा तुकडा सांगितला तेव्हा मात्र हसली नाही. म्हणाली, "आमच्याकडे असं काही नव्हतं. शेत एका भावाला, बाकीच्यांना परदेशी जाणारी बोट."

त्याच वर्षी मी रजेवर घरी गेले आणि हक्कसोड करून आले. आमच्यात रीतच आहे. बाप गेला की बहिणींनी भावाला जमिनीवरचा हक्क लिहून द्यायचा. कोणी जबरदस्ती करत नाही. करायची गरजच पडत नाही. जी देत नाही तिच्यासाठी माहेरचं दार बंद होतं, एवढंच. माझा भाऊ म्हणाला, "बाय, तुला काय कमी आहे? तू कमावतेस, भावोजी कमावतात. आम्ही इथे चिखल तुडवतो."

आणि मी काय बोलावं? "सही काय रे, अंगठा पण देते!" मोठेपणा. गल्फवाल्या बहिणीचा मोठेपणा.

रजिस्टर ऑफिसात कारकुनाने भराभर वाचलं, सर्व्हे नंबर अमुक, हिस्सा नंबर तमुक. एक नाव नाही. ना तिकोना, ना मांजरशेपटी. मी भावाला कोपराने ढोसलं. "यात आत्याचा तुकडा नाही ना?"

"अगं तो कसा असेल? तो आत्याचाच."

मी सही केली. भाऊ खोटं बोलला असं मी आजही म्हणणार नाही. आम्हा दोघांनाही मनापासून वाटत होतं की नाव आहे म्हणजे झालं. नाव हाच कागद. आमच्या अख्ख्या गावाने ही चूक केली आहे, माझी काही वेगळी नाही.

परत आल्यावर सिस्टरला कौतुकाने सांगितलं. तिने गाडी बंद केली. "तो तुकडा सोडून, असं लिहिलंय का त्यात?"

"लिहायचं कशाला? नावातच आहे ना."

ती समोर बघत म्हणाली, "माझ्या भावाच्या शेताचं नाव प्रत्येक नकाशात आहे. माझं नाव कशातच नाही." मला तेव्हा तिचा राग आला होता. वाटलं, हिला माणसांची पारख नाही.

पुढे माझा नवरा वारला. माझी नोकरी संपली, मुलाने मला आपल्या व्हिसावर घेतलं. सिस्टर रिटायर होऊन कॅव्हनला गेली. मुलगा एका कंत्राटी कंपनीत आहे, आणि दोन वर्षांपासून तिथे माणसं कमी करणं चाललंय. आज हा, उद्या तो. त्याची नोकरी गेली की त्याचा व्हिसा खलास, आणि त्याच्याबरोबर माझाही. तो कॅनडाचं काहीतरी बघतोय. तिथे मला नेता येणार नाही, हे तो बोलत नाही, मला कळतं. मला भीती नव्हती. मी म्हणायचे, "तुम्ही कुठेही जा. माझा आत्याचा तुकडा आहे. एक खोली, एक मोरी, पुढे मोगरा." कौलं की पत्रा एवढंच ठरायचं होतं.

अशात एका शुक्रवारी भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. भाचा म्हणजे भावाचा मुलगा, चाळिशीचा. "आत्या, आपल्या शेतांच्या हद्दी कुठून कुठपर्यंत होत्या गं? पप्पांना आठवत नाही. शेजारचे म्हणतात मांजरशेपटीचं टोक त्यांचं."

"त्यांचं? त्यांच्या आज्याने तिथे शेवग्याची फांदी रोवली होती, ती बाने उपटून त्याच्याच अंगणात फेकली!"

"हे, हेच पाहिजे! आत्या, तू ग्रेट आहेस. गुगलला पण माहीत नाही."

मला किती वर्षांत कोणी काही विचारलं नव्हतं. मी दोन शुक्रवार बसून सगळं सांगितलं. कॅलेंडरच्या पाठीवर नकाशा काढला, सिस्टर काढायची तसाच. कुठलं नाव कुठे संपतं, कुठे बांध, कुठे रहाटाची विहीर. नातीने फोटो काढून पाठवला. "ग्रॅनी, व्हॉट इज बावखल?" तिलाही सांगितलं. आनंदात होते मी. मूर्खासारखी आनंदात.

तिसऱ्या शुक्रवारी म्हटलं, "हे सगळं कशाला पाहिजे ते तरी सांग."

"अगं, प्रोजेक्ट होतोय. सगळं एकत्र करून बिल्डरला दिलंय. तीन बिल्डिंगा. आणि तुझी नावं त्यांना एवढी आवडली, विंगना तीच देणार आहेत. तिकोना विंग!"

"बरं. आणि आत्याच्या तुकड्याला कोणी हात लावू नका म्हणावं. मला खोली बांधायचीय."

"आत्या, तो वेगळा कुठाय? तो हिस्सा नंबर सातमध्येच येतो. तिथे रॅम्प आहे, पार्किंगला उतरायचा."

"अरे, माझा आहे तो."

"तुझी सही आहे ना, आत्या."

किती हळुवार म्हणाला. उद्धटपणे बोलला असता तर मला चार शिव्या तरी घालता आल्या असत्या.

पुढच्या आठवड्यात त्याने कागद पाठवला. वहिवाटीचा जबाब. घरातली सर्वांत वयस्कर व्यक्ती म्हणून मी लिहून द्यायचं, की अमुक नंबरची जमीन अमुक हद्दीपर्यंत पूर्वापार आमच्या घराकडेच होती. एम्बसीत जाऊन सही करायची. शेजाऱ्यांचा दावा त्याने मोडणार होता. म्हणजे माझा तुकडा घेतलाच होता, आता तो पक्का करायलाही मीच हवी होते.

मी म्हटलं, "यात आत्याच्या तुकड्याचं नाव घाल. कोणासाठी ठेवलेला होता ते घाल. मग करते."

"वकील नावं घेत नाही गं. नंबरच लागतो."

मग भाऊच फोनवर आला. आवाज थकलेला. "बाय, का अडवतेस? सही कर. फ्लॅट झाला की ये, महिनाभर राहा, दोन महिने राहा. पाहुणीला कोण नाही म्हणतं?"

"मला महिन्याभराला नको रे. मरेपर्यंतची जागा हवी."

"असं अभद्र बोलू नये."

"मी बोलले की अभद्र, आणि तुम्ही रॅम्प बांधला की प्रोजेक्ट!"

त्याने फोन मुलाकडे दिला. साठ वर्षांत आमचं असं कधी झालं नव्हतं. पाहुणी. ज्या खोलीत तो जन्मला, तिथे त्याच्याआधी मी जन्मले होते.

मी सिस्टरला फोन केला. ती आता आपल्या काउंटीतल्या एका गावात भाड्याच्या खोलीत असते. म्हणाली, खिडकीतून लांबवर तिची टाउनलँड दिसते, धुकं नसलं की. भावाच्या मुलाने तिथे गाईंची मोठी शेड घातली आहे. सगळं ऐकून म्हणाली, "निदान लिहून ठेव. आमचं लिहिलेलं तरी आहे."

"लिहिलेल्यात झोपता येत नाही, सिस्टर."

"नाही," ती म्हणाली. "ते मला विचार."

एम्बसीत मी गेले नाही. मुलगा म्हणाला, "मम्मी, सही न करून काय मिळणार?" मी म्हटलं, काही नाही. मग तो कागद उलटा केला आणि जुन्या दस्तात लिहायचे तशी चतुःसीमा लिहिली. आत्याचा तुकडा. पूर्वेस बावखल. पश्चिमेस मांजरशेपटीचा बांध. दक्षिणेस पायवाट. उत्तरेस भांडणवाडी. परत येणाऱ्या लेकीसाठी ठेवलेला, भावांच्या वाट्यात न धरलेला. सहीची जागा कोरी ठेवली आणि दोन्ही बाजूंचा फोटो पाठवला.

भाच्याचा फोन आला. "आत्या, हे चालणार नाही."

"वाचलंस का?"

"वाचलं. पण पाठीमागचं कोणी बघत नाही."

त्यांना दुसऱ्या आळीतला एक म्हातारा मिळाला. त्याने आयुष्यात आमच्या वाडीत पाय ठेवला नव्हता, पण त्याची सही चालली. बावखलात डबर टाकायला सुरुवात झाली आहे असं ऐकते. भाऊ फोन करत नाही, मीही करत नाही. मुलाला कंपनीने सहा महिने वाढवून दिले. त्यानंतर मी कुठे जायचं, हे मी अजून त्याला विचारलेलं नाही, आणि त्याने मला.