रेडऑक्साईडची पलटण

उसाच्या ट्रॉलीला रेडऑक्साईड मारल्याचा वास आला, की मला माझी पलटण आठवते. पुण्यात नोकरीला असलेल्या धाकट्या भावानं युद्धाच्या खेळातले बोटाएवढे प्लास्टिकचे सैनिक पाठवले होते. "दादा, रंगवायच्या आधी प्रायमर मार, दिवाळीला दोघं खेळू," एवढंच फोनवर सांगितलं. प्रायमर म्हणजे ट्रॉलीला मारतात तो तांबडा रेडऑक्साईड, असं समजून मी थेट चौसाळ्याच्या वेल्डिंगवाल्या मित्राकडं गेलो. तो म्हणाला, "हे रेडऑक्साईड लोखंडाचं हाय बे, ह्या प्लास्टिकला कावून?" मी म्हणालो, "मार की, गंजायचे तरी न्हाईत." त्यानं रेडऑक्साईडचे दोन हात मारले. वाळल्यावर बघतो तर नाकं, डोळे, तलवारी सगळं बुजलेलं. फौजेच्या जागी भाजलेल्या शेंगा उभ्या. दिवाळीला भाऊ एसटीत उभ्यानं आला, दमलेलाच. सैनिकांचा डबा उघडून बघितला आणि हळूच म्हणाला, "दादा, ह्यात आपले कोणते?" खेळ राहिला, दोघंही बसल्या जागी झोपलो. त्याला पुन्हा खेळायला बोलवायचंय, म्हणून आता कामावरून थकून आलो की सुई घेऊन एकेकाला खरवडत बसतो. आजवर एकाचंच नाक निघालंय, तेही बहुतेक शत्रूचं.